एक सर्जन, एक ऑपरेशन, एक हजार पेशंट

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं नाव मराठी घरांत खऱ्या अर्थाने पोचलं ते २०१८-१९ मध्ये. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नाकात नळी असतानाच जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि १७ मार्चला ते गेले. त्या दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: एवढी साधनं, एवढे डॉक्टर, मग ऑपरेशन करून गाठ काढून का टाकत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, पण एका माणसाच्या कामातून ते बरंचसं हाती लागतं. जॉन कॅमेरॉन, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन. मार्च १९६९ ते मे २००३ या चौतीस वर्षांत त्यांनी स्वादुपिंडाच्या डोक्याची एक हजार ऑपरेशनं केली आणि सगळ्यांचा हिशोब २००६ मध्ये जगापुढे ठेवला. वैद्यकशास्त्रात मोठी नावं पुष्कळ असतात, पण स्वतःच्या सलग हजार पेशंटांचा हिशोब, मेलेल्यांसकट, इतका उघडा करून मांडणारे थोडे. म्हणून हे प्रकरण निवडलं.

आधी अवयव समजून घेऊ. स्वादुपिंड जठराच्या मागे, जवळजवळ पाठीच्या कण्याला टेकून आडवं पसरलेलं असतं. डोकं, मान, धड आणि शेपटी असे त्याचे भाग. डोकं ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, वेढ्यात बसलेलं असतं आणि यकृतातून येणारी पित्तनलिका याच डोक्यातून खाली उतरते. तिथे गाठ झाली की नलिका दाबली जाते आणि पित्त तुंबतं. डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते, शौचाचा रंग पांढुरका पडतो, अंगाला खाज सुटते. पोट मात्र बहुतेकदा दुखत नाही. न दुखणारी ही कावीळ खरं तर पेशंटवर उपकारच करते, कारण धडात किंवा शेपटीत झालेली गाठ असा कुठलाच इशारा न देता वाढत राहते. आपल्याकडे हा इशारा कुठे वाया जातो ते सांगायला नको. गळ्यात काविळीची माळ घालायची, ती रोज लांबत जाते, माळ उतरली की कावीळ उतरली! संसर्गाची कावीळ बहुतेक वेळा आपसूकच उतरते, म्हणून श्रेय माळेला जातं. गाठीची कावीळ माळेला जुमानत नाही आणि ते कळेपर्यंत काही आठवडे हातचे गेलेले असतात.

डोक्यातली गाठ काढायची तर नुसती गाठ काढता येत नाही. रक्तवाहिन्या सामायिक असल्यामुळे स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि कित्येकदा जठराचा शेवटचा तुकडा हे सगळं एकत्र काढावं लागतं. मग तीन जोड द्यायचे: उरलेलं स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, जठर आतड्याला. शेवटचे दोन जोड सर्जनला फारसे छळत नाहीत. पहिला छळतो. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ असतं, त्यात टाका ओढला की कापत जातो. आतली नळी कधी कधी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. आणि त्या नळीतून जो रस येतो त्याचं कामच मुळी मांस पचवणं हे! जोड थोडा जरी गळला तरी हा रस आजूबाजूच्या रक्तवाहिन्या पोखरू शकतो. ऑपरेशन संपलं की सर्जनची झोप उडते ती इथे. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी जे पाणी येतं त्याचा रंग काय, त्यात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य, किती, यावर पेशंट घरी जाणार की अतिदक्षता विभागात, हे बरंचसं ठरतं.

या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. अ‍ॅलन व्हिपल यांनी न्यूयॉर्कमधून १९३५ मध्ये तीन पेशंटांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला पेशंट ऑपरेशननंतर लगेचच दगावला. जोडाला कॅटगटचे, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या दोऱ्याचे, टाके घातले होते आणि ते स्वादुपिंडाच्या रसाने पचवून टाकले. पुढच्या पेशंटांना त्यांनी रेशमी दोरा वापरला. व्हिपल यांच्या आधी जर्मनीत वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये असं ऑपरेशन यशस्वी केलं होतं. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, विल्यम हाल्स्टेड यांनी पित्तनलिकेच्या मुखाजवळची गाठ काढली होती, तीही बाल्टिमोरच्या त्याच हॉपकिन्समध्ये. नाव मात्र व्हिपल यांचं राहिलं. सबंध हयातीत त्यांनी अशी ३७ ऑपरेशनं केली. आज एखाद्या मोठ्या केंद्रात काही महिन्यांत होतात तेवढी!

आता कॅमेरॉन या कामाला लागले तेव्हाची स्थिती. १९७० च्या आसपास व्हिपल ऑपरेशन झालेल्या दर चार पेशंटांपैकी साधारण एक रुग्णालयातून जिवंत बाहेर पडत नसे. आणि जे पडत, त्यांच्यातले पाच वर्षं जगणारे शंभरात पाचसुद्धा नसत. १९७० मध्ये क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी सरळ लिहिलं की, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी हे मोठं ऑपरेशन करण्यापेक्षा तुंबलेलं पित्त नुसतं वळवून द्या, पेशंटचे उरलेले दिवस तरी बरे जातील. क्राइल हे भित्रे सर्जन नव्हते आणि त्यांचा हिशोबही चुकीचा नव्हता. पंचवीस टक्के लोकांना टेबलाच्या आसपास गमवायचं आणि बदल्यात जवळजवळ काहीच मिळवायचं नाही, हा सौदा कुणी का करावा? त्या काळच्या आकड्यांवर मीही क्राइल यांच्याच बाजूने मत दिलं असतं.

कॅमेरॉन यांचं वैद्यकीय शिक्षण हॉपकिन्समध्येच झालं आणि सगळी कारकीर्दही तिथेच गेली. १९८४ ते २००३ ते तिथल्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख होते. त्यांचं वैशिष्ट्य काय, असं विचारलं तर एखादा नवा टाका किंवा नवं हत्यार दाखवता येणार नाही. जोड देण्याच्या पद्धती थोड्याफार इकडच्या तिकडे झाल्या, पण ऑपरेशनचा ढाचा व्हिपल यांचाच राहिला. बदललं ते वेगळंच. एकाच रुग्णालयात, मोजक्याच सर्जनांच्या हाताखाली, तेच ऑपरेशन पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. भूल देणारे तेच, परिचारिका त्याच. गळती झाली तर सुई घालून पू बाहेर काढणारे रेडिऑलॉजिस्टही तेच. सीटी स्कॅन आला, त्यामुळे कुणाचं पोट उघडण्यात अर्थ नाही हे आधीच कळू लागलं. १९९३ मध्ये कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखाचं शीर्षकच पुरेसं बोलकं होतं: सलग १४५ व्हिपल, एकही मृत्यू नाही. १९९७ मध्ये त्यांचे सहकारी चार्ल्स येओ यांनी नव्वदच्या दशकातल्या ६५० सलग ऑपरेशनांचा आकडा दिला, मृत्यू १.४ टक्के.

हजारांच्या मालिकेतले आकडे जरा सावकाश बघण्यासारखे आहेत. सत्तरच्या दशकात एका ऑपरेशनला सरासरी ८.८ तास लागत, २००० नंतर ५.५. ऐंशीच्या दशकात पेशंट १७ दिवस रुग्णालयात असे, पुढे ९ दिवसांत घरी. तीस दिवसांच्या आतला मृत्युदर १ टक्का. पण गळती? ती १२ टक्के पेशंटांना झालीच. मला या सबंध लेखातला हाच आकडा सगळ्यात जास्त शिकवणारा वाटतो. मऊ स्वादुपिंड कॅमेरॉन यांच्या हाताखालीही मऊच राहिलं, जोड गळायचा तो गळला. फरक एवढाच की गळणारा जोड आता पेशंटचा जीव घेईनासा झाला, कारण तो गळतोय हे वेळेत ओळखणारी आणि मग काय करायचं हे पाठ असलेली माणसं खाटेभोवती होती.

आता कुणीही शंका काढेल की नामांकित रुग्णालयात धडधाकट, पैसेवाले, लांबून प्रवास करू शकणारेच पेशंट येणार, त्यांचे निकाल चांगले लागले तर नवल काय? शंका रास्त आहे. तिला उत्तर मिळालं ते मेरीलँड राज्याच्या नोंदींतून, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं काळीज तिथे आहे. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या डिस्चार्ज नोंदी एकत्र ठेवलेल्या होत्या. १९९५ मध्ये कॅमेरॉन यांच्या गटाने त्या तपासल्या. हॉपकिन्समध्ये व्हिपलनंतर रुग्णालयातले मृत्यू २.२ टक्के होते, राज्यातल्या उरलेल्या ३८ रुग्णालयांत मिळून १३.५ टक्के. त्या ३८ ठिकाणचे सर्जन अडाणी नव्हते. पण एवढी ऑपरेशनं एवढ्या रुग्णालयांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडी येतात. वर्षात एकदा गाडी चालवणाऱ्याने घाटात गाडी घालावी, तसं.

मग १९९८ मध्ये पुढचा लेख आला, १९८४ ते १९९५ या बारा वर्षांचा, ४३ रुग्णालयांतल्या ७९५ ऑपरेशनांचा. या काळात कुठलाही सरकारी हुकूम निघाला नव्हता. डॉक्टर आपणहून पेशंट बाल्टिमोरला पाठवायला लागले होते, एवढंच. राज्यातल्या एकूण व्हिपलपैकी हॉपकिन्सचा वाटा २०.७ टक्क्यांवरून ५८.५ टक्क्यांवर गेला आणि सबंध राज्याचा मृत्युदर १७.२ टक्क्यांवरून ४.९ वर आला. या घटीतला ६१ टक्के भाग केवळ पेशंट एका जागी गोळा झाल्यामुळे आहे, असा लेखकांचा हिशोब. शंका इथेही काढता येते की लेखक स्वतःच्याच रुग्णालयाची भलामण करतायत. पण २००२ मध्ये जॉन बर्कमायर यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेच्या, देशभरच्या नोंदी घेतल्या आणि चित्र तेच निघालं. सगळ्यात कमी स्वादुपिंड शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू १६.३ टक्के, सगळ्यात जास्त करणाऱ्यांत ३.८. त्यांनी तपासलेल्या चौदा प्रकारच्या ऑपरेशनांपैकी एवढी मोठी तफावत फारच थोड्यांत होती.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्येही स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळा चमू उभा राहिला आणि सेवेची मांडणी बदलल्यावर निकाल सुधारल्याचं तिथल्या सर्जनांनी लिहिलेलं आहे. जिल्ह्याच्या गावच्या पेशंटला मात्र अजून कुणी विचारायला शिकवत नाही की, ‘डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे वर्षाला अशी किती होतात?’ विचारलं तर आगाऊपणा वाटेल, ही भीती. आणि मुंबईला जायचं म्हणजे राहायचं कुठे, सोबत कोण, हा हिशोब तर कुठल्याच शोधनिबंधात नसतो.

कॅमेरॉन यांच्या गटाने आणखी एक काम केलं, ज्याबद्दल कमी बोललं जातं. सर्जनांच्या आवडत्या समजुती त्यांनी चाचणीला लावल्या. उरलेलं स्वादुपिंड आतड्याऐवजी जठराला जोडलं तर कमी गळतं, असं बरेच जण छातीठोक सांगत. येओ आणि कॅमेरॉन यांनी १४५ पेशंटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून दोन्ही पद्धती वापरल्या. एकात गळती १२ टक्के, दुसऱ्यात ११. रस कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड हे औषध तपासलं, फायदा दिसला नाही. मग सगळ्यात मोठी समजूत: आजूबाजूच्या लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड्स, लांबपर्यंत खरवडून काढल्या तर कॅन्सर परत येणार नाही. सर्जनच्या मनाला हे फार पटतं. जास्त कापलं म्हणजे जास्त बरं केलं! २००२ मध्ये निकाल आला. ऑपरेशननंतरचा त्रास साध्या पद्धतीत २९ टक्के, विस्तृत पद्धतीत ४३ टक्के, आणि जगण्यात फरक नाही.

म्हणजे हात आणखी लांब करून उपयोग नव्हता, आणि हे हजारांच्या मालिकेतही लख्ख दिसत होतं. त्या हजारांपैकी खुद्द स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर असलेले ४०५ होते. बाकीच्यांना पित्तनलिकेचे, तिच्या मुखाचे, ड्युओडेनमचे किंवा साधे आजार. या ४०५ जणांतले पाच वर्षांनी हयात असलेले १८ टक्के. लसिका ग्रंथीही स्वच्छ आणि कापलेल्या कडाही स्वच्छ, अशा सगळ्यात नशीबवान गटात ४१ टक्के. जगातल्या सगळ्यात सरावलेल्या हातांनी, एक टक्का धोक्यात, दिसणारी सगळी गाठ काढून टाकल्यावरची ही गत. आणि हे सगळे ऑपरेशनपर्यंत पोचलेले पेशंट. निदान होतं तेव्हा पाचांतल्या चार जणांना ऑपरेशन देताच येत नाही, एकतर रोग यकृतात पोचलेला असतो किंवा मुख्य रक्तवाहिन्यांना विळखा घालून बसलेला असतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पण वर्षाला शेकड्यांनी व्हिपल होणाऱ्या रुग्णालयात आणखी एक गोष्ट साठत जाते. काढलेल्या गाठी. या कॅन्सरचं ताजं मांस मिळणं दुर्मिळ, आणि हॉपकिन्समध्ये ते रोजच्या रोज शस्त्रक्रियागृहातून पॅथॉलॉजीत जात होतं. तिथे राल्फ ऱ्हुबन, स्कॉट कर्न, बर्ट व्होगेलस्टाइन ही मंडळी बसलेली. १९९६ मध्ये याच मांसातून एक जनुक सापडलं, जे अशा सुमारे निम्म्या गाठींत नाहीसं झालेलं असतं. त्याचं नावच ‘डीपीसी-४’, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये गहाळ झालेलं चौथं. २००८ मध्ये २४ गाठींची जवळजवळ सगळी जनुकं वाचली गेली आणि एकेका गाठीत सरासरी ६३ बदल निघाले. एकच औषध या रोगाला का पुरत नाही, याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. ऑपरेशननंतरच्या केमोथेरपीने तरीही मजल मारली आहे. २०१८ च्या एका फ्रेंच-कॅनेडियन चाचणीत चार औषधांच्या मिश्रणाने मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगतात तो काळ, ५४ महिन्यांवर गेलं, एका औषधावरच्या पेशंटांत ते ३५ होतं.

हॉपकिन्समधून आलेला २०१० चा एक निष्कर्ष मात्र मला या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. क्रिस्टीन याकोबुझिओ-डोनाह्यू यांच्या गटाने या रोगाने मरण पावलेल्या सात पेशंटांच्या गाठींतले जनुकीय बदल मोजून मागे मागे हिशोब केला. पहिल्या बदलापासून कॅन्सरची खरीखुरी मूळ पेशी तयार व्हायला दहाहून जास्त वर्षं. तिला पसरण्याची ताकद यायला आणखी किमान पाच. त्यानंतर पेशंट सरासरी दोन वर्षांत जातो. म्हणजे कावीळ दिसते, पळापळ होते, ऑपरेशन होतं, ते सगळं पंधरा-सतरा वर्षांच्या गोष्टीचं शेवटचं पान.

आधीची पानं वाचायची तर कुणाची? सरसकट सगळ्यांची तपासणी करून उपयोग नाही, हा रोग तेवढा सर्रास नाही. ऱ्हुबन यांनी १९९४ मध्ये ज्या घरांत हा कॅन्सर एकाहून जास्त जणांना झाला अशा कुटुंबांची नोंदवही सुरू केली. मार्सिया कँटो आणि मायकल गॉगिन्स यांनी अशा जोखमीच्या लोकांना दरवर्षी बोलावून एंडोस्कोपीवाटे आतून सोनोग्राफी आणि एमआरआय करायला सुरुवात केली. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतल्या १,४६१ लोकांचा अहवाल आला. या देखरेखीत नऊ जणांमध्ये कॅन्सर सापडला आणि त्यातले सात पहिल्या टप्प्यातले निघाले. बाहेरच्या जगात हे प्रमाण बरोबर उलटं असतं.

अशा माणसांना कावीळ नसते, वजन उतरलेलं नसतं, पोट दुखत नसतं. ती स्वतःच्या पायांनी चालत येतात आणि पडद्यावरच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या सावलीसाठी व्हिपल करून घ्यायला तयार होतात. काही जणांत तर सावली कॅन्सरची निघतही नाही, आणि धडधाकट माणसाचं निम्मं स्वादुपिंड काढून टाकल्याचा ताळेबंद डॉक्टरला द्यावा लागतो. चौघांतला एक मरत होता त्या १९७० सालात असं ऑपरेशन कुणी सुचवलं असतं, तर ते क्राइलच काय, कॅमेरॉननीही मोडीत काढलं असतं.